इंधनदाब नियामक

अंतःक्षेपण पद्धतीच्या पेट्रोल एंजिनातील अंतःक्षेपकांना (इंजेक्टरांना) पुरविल्या जाणाऱ्या इंधनाचा दाब ठराविक मर्यादेत राखणारे स्वयंचलित साधन. आकाराने लिंबाएवढे आणि रचनेने साधे असलेले हे साधन बहुधा एंजिनावरील इंधन वाटप नळीच्या (फ्यूएल रेलच्या) टोकाशी बसविलेले असते. त्यात विजेचा संबंध नसतो आणि नेहमीच्या वापरात ते दहापंधरा वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु ते बिघडले म्हणजे एंजिनाला मिळणाऱ्या मिश्रणाचे सर्व गणित कोलमडते, तसेच त्यातील फाटलेल्या पटलामुळे वा तुटलेल्या वलयामुळे वाहनास आग लागण्याचा धोकाही उद्‌भवतो. जुन्या वाहनांच्या देखभालीत हे साधन तपासणे व बदलणे या कामाला म्हणूनच विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : विद्युत् नियंत्रित अंतःक्षेपक म्हणजे ठराविक छिद्राची, विद्युत् चुंबकाने उघडणारी झडप होय. इलेक्ट्रॉनिकीय नियंत्रक ही झडप प्रत्येक आवर्तनात काही सहस्रांश सेकंद उघडी ठेवतो आणि तेवढ्या कालावधीत जेवढे पेट्रोल फवारले जाते, तेवढे त्या सिलिंडराला मिळते. नियंत्रकाला फक्त वेळ मोजता येतो. प्रत्यक्ष किती पेट्रोल गेले हे त्याला कळत नाही. छिद्रातून जाणारा प्रवाह हा छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून दाबातील फरक कायम असेल, तरच वेळ आणि पेट्रोलाची राशी यांचा मेळ बसतो. २.५ बार फरकासाठी (१ बार = सु. १.०२ किग्रॅ./चौ. सेंमी.) आखलेल्या एंजिनात तो ३ बार झाला, तर प्रत्येक फवाऱ्यात सु. साडेनऊ टक्के पेट्रोल जादा जाते. तो २ बारवर उतरला, तर सु. साडेदहा टक्के कमी पडते. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सु. १४.७ : १ असावे लागते, हे लक्षात घेता या तफावतीचे गांभीर्य ध्यानी येईल.

येथे आणखी एक अडचण आहे. अंतःक्षेपकाचे तोंड मोकळ्या हवेत नव्हे, तर अंतर्ग्रहण नळीत (इनलेट मॅनिफोल्डमध्ये) उघडते. एंजिन रिकाम्या गतीने (आयडलिंगवर) चालू असताना हवेचा मार्ग जवळजवळ बंद असतो व नळीत सु. ०.६ बार इतकी निर्वात अवस्था असते. प्रवेगक पूर्ण दाबला की ती जवळजवळ नाहीशी होते. वाटप नळीतील दाब वातावरणाच्या मानाने २.५ बार असा पक्का ठेवला, तर रिकाम्या गतीला अंतःक्षेपकाच्या दोन बाजूंतील फरक ३.१ बार होईल आणि पेट्रोल सु. ११ टक्के जास्त जाईल. ही चूक टाळण्यासाठी नियामकाची एक बाजू बारीक रबरी नळीने अंतर्ग्रहण नळीला जोडतात. मग नळीतील दाब जितका उतरेल, तितकाच इंधनाचा दाबही उतरतो आणि फरक कायम राहतो. जुन्या वाहनांतील नियामकाच्या डोक्यावर दिसणारी ही लहानशी नळी म्हणजे त्याच्या कार्याची किल्लीच होय. ती कोठे जोडलेली आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती बहुधा फसते.

रचना व कार्य : पत्र्याच्या दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या ठेवून त्यांच्या कडा दाबून जोडलेल्या असतात आणि त्या जोडात कापडयुक्त रबराचे पटल (डायाफ्रॅम) पकडलेले असते. पटलाच्या एका बाजूस स्प्रिंग व वर सांगितलेल्या निर्वात नळीचे तोंड आणि दुसऱ्या बाजूस पेट्रोल असते. पटलाच्या मध्यावर एक लहान झडप बसविलेली असून ती परतीच्या नळीच्या तोंडावर टेकते. पेट्रोलाचा दाब स्प्रिंगेच्या जोरापेक्षा वाढला की पटल उचलले जाते, झडप उघडते आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. दाब उतरताच झडप पुन्हा मिटते. प्रत्यक्षात ती सतत किंचित उघडी राहून थरथरत समतोल साधते.

पंप नेहमीच गरजेपेक्षा पुष्कळ अधिक पेट्रोल पाठवीत असतो. मध्यम आकाराचे एंजिन रिकाम्या गतीला ताशी सु. एक लिटर पेट्रोल वापरते, तर त्याचा विद्युत् पंप ताशी ८० ते १२० लिटर पाठवू शकतो. म्हणजे त्यातील बहुतेक सर्व पेट्रोल नियामकातून जाऊन परत टाकीत येते. या सततच्या प्रवाहाचा एक फायदा असा की, एंजिनाजवळील नळ्या थंड राहतात व पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह अडण्याची शक्यता कमी होते. एंजिन थांबल्यावरही नियामकाची झडप आणि पंपातील एकदिश झडप मिळून नळीत काही काळ दाब धरून ठेवतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी थांबविलेले वाहन पंधरावीस मिनिटांनी पुन्हा सुरू करताना हा शिल्लक दाबच उपयोगी पडतो, कारण दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही.

इतिहास : कार्ब्युरेटरयुक्त वाहनांत यांत्रिक पंपाचा दाब अगदी अल्प, साधारण ०.२ ते ०.४ बार एवढाच असे आणि कार्ब्युरेटरातील तरंडाची सुई-झडप तो सहज अडवीत असे. म्हणून तेथे वेगळ्या नियामकाची गरज भासली नाही. इलेक्ट्रॉनिकीय अंतःक्षेपणाचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने केला. तिची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही यंत्रणा १९५८ च्या क्रायस्लर मोटारींपैकी काहींत बसविण्यात आली. परंतु त्या काळच्या इलेक्ट्रॉनिकीय घटकांच्या बेभरवशीपणामुळे ती टिकली नाही. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आणली. येथील ‘डी’ हे अक्षर जर्मन भाषेतील दाब या अर्थाच्या ‘ड्रुक’ या शब्दाचे आद्याक्षर होय. या यंत्रणेत अंतर्ग्रहण नळीतील दाब स्वतंत्र संवेदकाने मोजला जाई व त्यानुसार नियंत्रकच वेळ ठरवी. त्यामुळे नियामकाला निर्वात नळी जोडण्याची गरज नव्हती. त्याचा दाब सु. २ बार असे आणि तो स्क्रू व कुलूप-नट यांच्या साहाय्याने जुळविता येई.

१९७४ मध्ये आलेल्या एल-जेट्रॉनिक यंत्रणेत (‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा) एंजिनात जाणारी हवा थेट मोजण्यात येऊ लागली. येथे दाबातील फरक स्थिर आहे असे नियंत्रक गृहीत धरतो, म्हणून निर्वात नळीने जोडलेला, जुळविता न येणारा आणि कायमचा बंद केलेला नियामक प्रचारात आला. पुढील दोन दशकांतील जपानी, यूरोपीय व अमेरिकन मोटारींपैकी बहुतेकांत हीच रचना थोड्याफार फरकाने आढळते. भारतात १९९९–२००० च्या सुमारास उत्सर्जनाची मानके कडक झाल्यावर मोटारींतील कार्ब्युरेटर झपाट्याने मागे पडला व मारुती ८०० सारख्या लहान मोटारीलाही बहुबिंदू अंतःक्षेपण (एमपीएफआय) मिळाले. त्या पिढीच्या मोटारींनी आता वीस वर्षांचा उंबरठा ओलांडला आहे. त्यांतील रबरी पटले, वलये व नळ्या आता वार्धक्यास आलेल्या आहेत.

दोष व त्यांची लक्षणे : नियामकातील सर्वांत धोकादायक दोष म्हणजे पटल फाटणे. असे झाले की पेट्रोल स्प्रिंगेच्या कप्प्यात शिरते आणि निर्वात नळीवाटे थेट एंजिनात ओढले जाते. मिश्रण अतिसमृद्ध होते. धुराड्यातून काळा धूर येतो, स्पार्क प्लग काजळतात, रिकाम्या गतीला एंजिन गचके खाते, पेट्रोलाचा खप वाढतो आणि गरम एंजिन पुन्हा सुरू होण्यास त्रास देते. प्रदूषण तपासणीत (पीयूसी) कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते ते निराळेच. सिलिंडरात जादा गेलेले पेट्रोल भिंतींवरील तेलाचा थर धुऊन खाली तेलपात्रात उतरते. तेलमापक कांडी काढून हुंगली असता पेट्रोलाचा वास येणे व तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसणे, ही याची खूण होय. असे पातळ झालेले तेल धारव्यांचे (बेअरिंगांचे) रक्षण करू शकत नाही. ज्या वाहनात उत्प्रेरकी परिवर्तक आहे, तेथे न जळलेले पेट्रोल परिवर्तकात पोहोचून जळते व त्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी अतितापून वितळू शकते. नियामकाच्या कित्येक पट किंमतीचा हा भाग अशा रीतीने एका लहानशा पटलापायी निकामी होतो.

दुसरा दोष झडप नीट न मिटण्याचा. बैठकीवर कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली म्हणजे दाब कमी राहतो, मिश्रण विरल होते आणि चढावर किंवा एकदम वेग घेताना एंजिन अडखळते. चालू असताना दाब ठीक असूनही थांबल्यावर तो लगेच उतरत असेल, तर सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. याउलट झडप अडकून बसली किंवा परतीची नळी चेंबली, तर दाब वाजवीपेक्षा चढतो आणि पुन्हा समृद्ध मिश्रणाची लक्षणे दिसतात. निर्वात नळी तडकली वा निसटली असतानाही रिकाम्या गतीला दाब चढतोच. शिवाय तिच्यातून न मोजलेली हवा आत शिरते. या शेवटच्या प्रसंगी नियामक पूर्णपणे निर्दोष असतो आणि वीतभर नळी बदलून काम भागते.

वरील लक्षणांपैकी एकही लक्षण नियामकाचेच म्हणून खास सांगता येत नाही. तुंबलेला इंधन गाळक, थकलेला पंप, पंपाला कमी व्होल्टता मिळणे, गळका अंतःक्षेपक, बिघडलेला तापमान संवेदक या सर्वांमुळे तशीच लक्षणे उद्‌भवतात. लक्षणांवरून अंदाज बांधून नियामक बदलण्याची गॅरेजांत आढळणारी पद्धत त्यामुळे सदोष आहे. अशा रीतीने काढून टाकलेल्या नियामकांपैकी बरेचसे चांगलेच असतात. दाबमापक जोडून पाहिल्याशिवाय या साधनाविषयी निर्णय करू नये.

तपासणी : पहिली परीक्षा अवजारांशिवाय होते. रिकाम्या गतीला निर्वात नळी नियामकावरून उपसून तिचे टोक व नियामकाचे तोंड पाहावे. तेथे पेट्रोलाचा थेंब किंवा ओल दिसली, तर पटल फाटले आहे हे निश्चित होते. इतर तपासणीची गरज उरत नाही आणि तोवर ते वाहन चालविणेही योग्य नव्हे. तोंड कोरडे असेल, तर दाबमापकाकडे वळावे. अनेक वाहनांत वाटप नळीवर झडपयुक्त तपासणी-तोंड असते. एल-जेट्रॉनिक पद्धतीच्या जुन्या मोटारींत ते नसते. तेथे थंड एंजिनासाठी असलेल्या जादा अंतःक्षेपकाच्या नळीत दाबमापक जोडण्याचा प्रघात आहे. अन्यथा पुरवठ्याच्या नळीत टी-आकाराचा सांधा घालावा लागतो.

एंजिन रिकाम्या गतीने चालू असताना निर्वात नळी जोडलेली असेल, तर दाब अंकित मूल्याहून सु. अर्धा बार कमी दिसावयास हवा; नळी काढून तिचे टोक बोटाने मिटताच तो लगेच वर चढून अंकित मूल्यावर यावा. उदा., २.५ बारच्या नियामकात तो सु. २ वरून २.५ वर जाईल. दाब जागचा हलला नाही, तर प्रथम निर्वात नळीत खरोखरच निर्वात आहे काय ते पाहावे, कारण काजळीने तुंबलेली नळीही हाच परिणाम दाखविते. नेमकी मूल्ये मात्र त्या त्या वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावीत.

दाब सदैव कमी असेल, तर परतीची नळी क्षणभरच चिमटून पाहतात. तसे करताच दाब झपाट्याने चढला, तर पंपाची ताकद शाबूत असून नियामकच पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त परत सोडीत आहे. दाब चढलाच नाही, तर दोष गाळक, पंप किंवा टाकीतील जाळी येथे शोधावा. ही परीक्षा फक्त मऊ रबरी नळीवर करावी. नायलॉनाची वा वयाने कडक झालेली नळी चिमटल्यास तडकते व तपासणीतूनच नवा दोष निर्माण होतो. तसेच चिमटा धरून ठेवू नये, कारण पूर्ण अडविलेला पंप नियामकाच्या दुपटीहून अधिक दाब निर्माण करू शकतो. याउलट दाब सदैव जास्त असेल, तर परतीची नळी नियामकावरून सोडून तेथे तात्पुरती नळी जोडतात व तिचे टोक धातूच्या बंद डब्यात सोडतात. आता दाब योग्य झाला, तर टाकीकडे जाणारी वाट तुंबलेली आहे. तसाच राहिला, तर नियामक दोषी ठरतो.

एंजिन थांबविल्यावर दाब लगेच उतरण्याचा दोष तीन ठिकाणी असू शकतो. थांबविल्याबरोबर पुरवठ्याची नळी चिमटली असता दाब टिकला, तर पंपातील एकदिश झडप गळते. परतीची नळी चिमटली असता टिकला, तर नियामक. आणि दोन्ही चिमटूनही उतरत राहिला, तर एखादा अंतःक्षेपक ठिबकत आहे असे समजावे.

सुटा भाग निवडणे : बाहेरून तंतोतंत सारखे दिसणारे नियामक २.५, ३ व ३.५ बार अशा भिन्न दाबांसाठी बनविलेले असतात. ओळख पटते ती फक्त पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकावरून. २.५ च्या जागी ३.५ बारचा नियामक बसविल्यास प्रत्येक फवाऱ्यात सु. १८ टक्के पेट्रोल जादा जाते. ऑक्सिजन संवेदक असलेल्या वाहनात नियंत्रक ही चूक काही अंशी सावरून घेतो आणि दोष लपून राहतो. संवेदक नसलेल्या जुन्या यंत्रणेत ती तशीच उघडी पडते. एंजिनाची शक्ती वाढावी म्हणून मुद्दाम जास्त दाबाचा नियामक घालण्याची हौसही आढळते. तिच्याने पेट्रोलाचा खप वाढतो. हवा तेवढीच राहिल्याने शक्ती सहसा वाढत नाही.

रबराच्या जातीचा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. पेट्रोलात उसापासून व धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळण्याचे धोरण भारतात टप्प्याटप्प्याने राबविण्यात आले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. २०२२ मध्ये सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला व २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. केवळ पेट्रोलासाठी निवडलेली जुनी रबरे इथेनॉलाच्या सान्निध्यात फुगतात, पुढे कडक होऊन तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने पोलादी भाग व झडपेची बैठक यांना गंज चढू शकतो. म्हणून नवा नियामक घेताना त्यासोबतची वलये (ओ-रिंग) फ्ल्युओरीनयुक्त रबराची असावीत आणि नळ्याही अंतःक्षेपणाच्या दाबासाठी व इथेनॉलमिश्रित इंधनासाठी बनविलेल्याच घ्याव्यात. कार्ब्युरेटरासाठी मिळणारी स्वस्त नळी येथे चालत नाही. काही महिन्यांत तिला घाम फुटल्यासारखे पेट्रोल पाझरू लागते.

बदलण्याची कृती : या कामातील खरा धोका आगीचा आहे. पेट्रोलाची वाफ −४०° से. इतक्या कमी तापमानालाही पेट घेण्याजोगी असते. ती हवेपेक्षा तीनचार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते व हवेत तिचे प्रमाण सु. १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. म्हणून काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे. वाहनाखालच्या खड्ड्यात वाफ साठून राहते, तेव्हा खड्ड्यावर उभ्या असलेल्या वाहनाची इंधन नळी सोडणे सर्वथा वर्ज्य मानावे. एंजिन पूर्ण थंड असावे. उघड्या बल्बाचा हातदिवा वापरू नये, कारण पेट्रोलाचा शिंतोडा उडून तापलेला बल्ब फुटल्यास लगेच आग भडकते. कोरड्या भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे; पाण्याची बादली येथे निरुपयोगीच नव्हे, तर आग पसरविणारी ठरते.

वाहन कालपासून उभे असले, तरी नळीत दाब असू शकतो, असे धरून चालावे. तो उतरविण्यासाठी पंपाची वितळतार (फ्यूज) किंवा रिले काढून एंजिन सुरू करावे व ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. नंतर दोनतीन सेकंद स्टार्टर फिरवावा. मग टाकीचे झाकण सैल करून तेथील वाफेचा दाब जाऊ द्यावा आणि सरतेशेवटी बॅटरीची ऋण तार सोडावी. हा क्रम उलटा केल्यास एंजिन चालवून दाब उतरविणे शक्य होत नाही. एवढे करूनही नळीत थोडे पेट्रोल उरतेच, म्हणून सांधा सोडताना त्याभोवती जाड फडके गुंडाळावे, डोळ्यांवर चष्मा असावा व भिजलेली फडकी कोपऱ्यात न टाकता उघड्यावर वाळवावीत.

नियामकाभोवतीची धूळ आधीच पुसून व फुंकून काढावी. अंतःक्षेपकाच्या छिद्रास वाळूचा कणही पुरे होतो, त्यामुळे ही सफाई वेळखाऊ वाटली तरी टाळू नये. नंतर निर्वात नळी उपसावी. परतीच्या नळीची क्लिप सैल करून नळी हलकेच पिळीत सोडवावी. जुनी नळी धातूला चिकटून बसलेली असते. ती ओढाताण करून काढण्यापेक्षा उभी चिरून टाकणे श्रेयस्कर, कारण ओढण्याने नियामकाचे किंवा टाकीकडील पातळ नळीचे तोंड वाकते. नियामक काही वाहनांत दोन लहान बोल्टांनी, काहींत सर्क्लिपने, तर काही जुन्या एल-जेट्रॉनिक मोटारींत पट्टीवर एका मोठ्या नटाने धरलेला असतो. बोल्ट काढून नियामक थोडा थोडा फिरवीत सरळ बाहेर काढावा.

यानंतरची एक बारीक गोष्ट वारंवार नजरेतून सुटते. जुने वलय पुष्कळदा नियामकाबरोबर बाहेर न येता वाटप नळीतच चिकटून राहते. त्यावर नवे वलय चढविले, तर नियामक नीट बसत नाही आणि दाब येताच पेट्रोल उसळते. काढलेल्या नियामकावर वलये किती आहेत हे मोजावे आणि न सापडलेले वलय नळीत शोधावे. ते लाकडी वा प्लॅस्टिकच्या काडीने काढावे. पोलादी पेचकसाने बैठक ओरखडली, तर तो ओरखडा कोणत्याही वलयाला मिटविता येत नाही. नव्या वलयाला स्वच्छ पेट्रोल किंवा पातळ तेलाचा हात लावून नियामक सरळ आत दाबावा. वलयाच्या मदतीला सिलिकोनाचा लेप लावण्याची सवय घातक आहे. तो पेट्रोलात सुटतो व त्याचे तुकडे झडपेत अडकतात. बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने व बेताने आवळावेत. वाटप नळी बहुधा ॲल्युमिनियमाची असते आणि तिच्यातील आटे जोराने आवळल्यास सहज निघून येतात. परतीची व निर्वात नळी नवी घालावी. नळीवरील क्लिप गुळगुळीत आतील कडेची असावी. पट्टीला आरपार खाचा पाडलेली साधी क्लिप रबर कापते.

बॅटरी व वितळतार परत जोडल्यावर एंजिन लगेच सुरू करू नये. किल्ली चालू स्थितीत फिरविली की बहुतेक वाहनांत पंप दोनतीन सेकंद चालतो. असे तीनचार वेळा करून नळीत दाब आणावा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून ओल पाहावी. नियामकाच्या मागची बाजू दिसत नसल्यास आरशाचा उपयोग करावा. एल-जेट्रॉनिकच्या पहिल्या यंत्रणांत मात्र हवामापकाची झडप हवेच्या ओढीने हलल्याशिवाय पंपाला वीज मिळत नाही. तेथे ती झडप हाताने किंचित उघडून किंवा रिलेच्या जागी जोडतार घालून पंप चालवावा लागतो. गळती नाही याची खात्री झाल्यावर एंजिन सुरू करून पूर्वीप्रमाणेच दाब, निर्वात नळीला मिळणारा प्रतिसाद आणि थांबविल्यावरचा शिल्लक दाब ही तिन्ही मोजमापे घ्यावीत. एंजिन गरम झाल्यावर सांधे पुन्हा एकदा पाहावेत, कारण थंड स्थितीत घट्ट वाटलेले वलय तापल्यावर पाझरू शकते.

जुन्या नियामकाचे पटल फाटलेले होते असे आढळल्यास एंजिनातील तेल व त्याचा गाळक बदलल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. काजळलेले स्पार्क प्लग साफ करावेत किंवा बदलावेत. निर्वात नळीचे दुसरे टोक जेथे जोडलेले असते, तेथे साचलेले पेट्रोलही पुसून घ्यावे.

इतर प्रकार : बॉशच्या १९७३ मधील के-जेट्रॉनिक या यांत्रिक, सतत फवारणाऱ्या यंत्रणेत मुख्य दाब सु. ५ बार असून तो राखणारी झडप इंधन वाटपकातच असते व पातळ चकत्या घालून जुळविली जाते. एंजिनावर वेगळा दिसणारा ‘तापन नियामक’ हा नियंत्रण दाबासाठी असतो. दोहोंची गल्लत करून चांगला तापन नियामक खोलण्याचे प्रकार घडतात. अमेरिकन मोटारींतील एकबिंदू अंतःक्षेपणात दाब १ बारहूनही कमी असतो, नियामक हवाद्वारातच बसविलेला असतो आणि संपूर्ण साधन न बदलता फक्त पटल व स्प्रिंग यांचा संच घालता येतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत यांत्रिक पंपाऐवजी विद्युत् पंप घातला, तर त्याचा दाब तरंडाच्या सुईला पेलत नाही व कार्ब्युरेटर भरून वाहतो. अशा वेळी पंपानंतर अल्पदाबाचा, चकतीने जुळविता येणारा नियामक घालावा लागतो आणि तो साधारण ०.२ ते ०.३ बारवर ठेवतात.

१९९० नंतरच्या दशकात परतीच्या नळीविना चालणाऱ्या यंत्रणा रूढ झाल्या. एंजिनाजवळून तापून परत येणारे पेट्रोल टाकीत वाफ वाढविते, ती टाळणे हा त्यामागील एक हेतू होता. यांत नियामक टाकीतच पंप व गाळक यांच्यासह असतो, त्याला निर्वात नळी नसते आणि फरकाचा हिशोब नियंत्रकच करतो. भारतात एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ मानके लागू झाल्यावर दुचाकींतही अशीच रचना आली. त्यातील नियामक बदलण्यास टाकीतील संपूर्ण पंपसंच बाहेर काढावा लागतो.

डीझेल एंजिनांच्या सामाईक-नळी (कॉमन रेल) यंत्रणेतील दाब नियंत्रक झडपेचे नाव सारखे असले, तरी वर दिलेली कृती तिला मुळीच लागू पडत नाही. तेथील दाब हजार बारच्याही पुढे असतो आणि चालू एंजिनातील बारीकशा गळतीतून निघालेली धार त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करते. पेट्रोलाचे थेट सिलिंडरात अंतःक्षेपण करणाऱ्या एंजिनातील उच्चदाब बाजूलाही हीच दक्षता लागू आहे. या दोन्ही यंत्रणांत नळी हाताने चाचपून गळती शोधू नये. दाब उतरविण्याची निर्मात्याने ठरविलेली पद्धत व कालावधी पाळूनच सांधे सोडावेत.